नितळगुरूंचा लोटा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर माझी ताई उभी होती. नितळगुरूंच्या शिष्याने तिच्या अंगठ्याला तपकिरी तेल चोळलं आणि अंगठा ग्लासातल्या, पीठ घालून शिजवलेल्या पाण्यात बुडवायला लावला. पाणी काळंनिळं झालं.

"हा तुझा रोग, बाई. डॉक्टरांनी वीस वर्षं पोसला," गुरू म्हणाले. त्यांनी ग्लासात आपल्या लोट्यातलं चमचाभर पाणी घातलं आणि डोळे मिटून पुटपुटत राहिले. थोड्या वेळात काळिमा विरला. "गेला. आता सुई टोचलीस तर परत येईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई रडत होती. यांची प्रवचनं ऐकून तिने चार दिवसांपूर्वीच इन्शुलिन सोडलं होतं. ओठांना कोरड पडलेली, पाय लटपटत होते.

तिला सावरायला मी वर गेले आणि लोट्याचा वास आला. आंबूस, ओलसर. हा वास मी रोज कारखान्यातून अंगावर घेऊन घरी जाते.

पुढच्या माणसाचा ग्लास नुकताच काळा झाला होता. मी तो उचलला आणि त्यात दोनदा थुंकले.

"बाईने विटाळ केला, खाली ओढा तिला," शिष्य ओरडला.

"ओढा. पण आधी ग्लास बघा," मी म्हणाले आणि तो उंच धरून उभी राहिले. दंडाला हिसके बसत होते, पण ग्लास सोडला नाही. पाणी हळूहळू निवळलं. पुढच्या रांगांतले लोक उठून बघू लागले.

"हे तेल म्हणजे जखमेवर लावायचं आयोडीन. पिठातल्या स्टार्चला लागलं की काळं पडतं. स्टार्च तोडणारं एन्झाइम माझ्या थुंकीत आहे, तुमच्याही आहे. यांच्या लोट्यातलं आमच्या कारखान्यातलं. एका जिवाणूचं जनुक कापून आम्ही दुसऱ्या, सहज वाढणाऱ्या जिवाणूत बसवतो. मग तो टाकीत वाढतो आणि हे एन्झाइम पिंपंच्या पिंपं बनवतो. कापडावरची पिठाची खळ काढायला."

मागून एक म्हातारा गिरणी कामगार उठला. "तरीच म्हटलं, या गुरूचा चेहरा ओळखीचा. हा आमच्याकडे खळीच्या टाक्यांवर होता."

गुरूंनी लोट्यावर झाकण ठेवलं.

ताईला मी तिथून थेट दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तिने पडल्या पडल्या विचारलं, "आणि माझं इन्शुलिन गं?"

"तेही जंतूच बनवतात, ताई. माणसाचं जनुक त्यांच्यात घालून."

"मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?"

"आमची टाकी कुणीही येऊन बघावी. जनुक कुठलं, जंतू कुठला, सगळं विचारावं. चुकलो तर दाखवून द्यावं."

तुम्हालाही एवढंच सांगते. पुढे कुणी लोटा घेऊन आला, तर नमस्कार नंतर करा. आधी झाकण काढायला लावा.