गाडीला लागलेलं तण

"हटो, हटो! अँटेना को साँस लेने दो!"

जुनैद उस्ताद गरजले आणि सौदीतल्या हाइलजवळच्या त्या गव्हाच्या शेतावरची तीस-चाळीस माणसं झटकन मागं सरली. उस्तादांच्या एका हातात पितळेची वाकडी दांडी, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेली हिरवी वही. मान खाली, ओठ पुटपुटताहेत. दहा पावलांवर दांडी गर्रकन फिरली, आणि तिथं खरोखरच जंगली ओट! गव्हात गव्हासारखं दिसून गव्हाचाच घास पळवणारं लबाड तण.

"ना बॅटरी, ना बिजली! मिट्टी रोती है, ये सुनती है!"

टाळ्या पडल्या. मालक अबू नाएफ तर हरखूनच गेले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "रफीक, तुझा नकाशा खलास! हंगाम संपला की घरी जा."

लेकीला, इफराला, कडेवर घेऊन उभ्या असलेल्या रईसानं नवऱ्याकडे, रफीककडे पाहिलं. नकाशा म्हणजे रफीकचा इकामा, सौदीत राहायचा परवाना, आणि इकामा म्हणजे तिघांनी एका छपराखाली राहणं.

रफीक उजाडल्यापासून शेत पायी तुडवायचा. तण दिसलं की फोटो पाठवायचा, फोटोबरोबर जागाही यायची. इफरा झोपली की मिळेल त्या अर्ध्या तासात रईसा मोबाइलवरच्या नकाशात तिथं लाल टिपका ठेवायची. फवारणीवाले तो बघून नेमके तिथं पोचायचे. कुणाचं अडू नये म्हणून रफीकनं नकाशाची लिंक पंपघराच्या दारावरच चिकटवली होती.

"माझ्या पायांना फोड," रफीक जेवताना म्हणाला, "आणि टाळ्या त्याच्या दांडीला!"

दुसऱ्या दिवशी तर उस्तादांनी कहर केला. डिझेलच्या टाकीपाशी, काँक्रीटवर दांडी फिरली. "नीचे जड़ें हैं! तोडो!" माणसं पहारी आणायला धावली.

रईसानं नकाशा उघडला आणि तिला हसूच फुटलं. टाकीवर लाल टिपका होता.

"अहो, हा तर इफरानं ठेवलाय! काल मांडीवर बसून बोट दाबत होती."

रफीक बघतच राहिला. "म्हणजे उस्ताद माझाच नकाशा मला वाचून दाखवतोय?"

"उद्या बघू. बांधाजवळ सापडलेलं तण मी नकाशात टाकतच नाही. आणि एक टिपका टाकते माझ्या पसंतीचा."

दुसऱ्या दिवशी, उस्तादांशी करार करण्याआधी शेवटची परीक्षा म्हणून सगळे जमले. उस्ताद निघाले. बांधाजवळ गुडघाभर जंगली ओट त्यांच्या पायजम्याला घासलं, दांडी ढिम्म. उस्ताद शेताबाहेर पडले, सावलीच्या शेडखाली शिरले आणि मालकांच्या पांढऱ्या गाडीपुढे दांडी गर्रकन फिरली.

"मिट्टी रोती है!"

"माझी गाडी रडते?" अबू नाएफनी विचारलं.

"टायरला तण लागलं असेल!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा उसळला.

"उस्ताद, जरा वही उघडा," रईसा म्हणाली. उस्ताद काही उघडेनात, तेव्हा मालकांनीच ओढून घेतली. वहीत मोबाइल, मोबाइलवर रफीकचा नकाशा: लाल टिपके म्हणजे तण, निळा टिपका म्हणजे खुद्द उस्ताद! रईसानं दांडी घेतली, मनगट जरासं कललं की ती कशी फिरते ते दाखवलं. मग इफराच्या हातात दिली. दांडी थेट बिस्किटाच्या पुड्याकडे वळली.

"यल्ला, बाहेर!" मालकांनी उस्तादांना वाट दाखवली. मग रफीककडे वळले. "तू राहा. पण तुझा नकाशा तरी खरा कशावरून?"

रईसा म्हणाली, "आमच्यावरही विश्वास ठेवू नका, साहेब. कुठलाही टिपका निवडा आणि चालून बघा. खऱ्याला तपासणीची भीती नसते. जो तपासू देत नाही, त्याच्यापुढे टाळ्या वाजवू नका, एवढंच."

अबू नाएफ पायघोळ झगा सावरत गव्हात शिरले. तिसऱ्या टिपक्यापाशी स्वतः वाकले आणि तण मुळासकट उपटून वर धरलं.

घरी आल्यावर रईसानं गाडीवरचा टिपका पुसला. मग टाकीवरचा. इफरानं ओठ काढला, तशी रईसानं तिचं बोट धरून मुका घेतला.

"नाही गं राणी. नकाशात खोटं ठेवायचं नसतं. लाडक्या लेकीचंसुद्धा."