हौसाच्या घराचा नकाशा

आसावरी लेले दोह्यात बारा वर्षं इंटिरियरची कामं करत होती. अल मुंतझातल्या तिच्या फ्लॅटमधली जेवणाची खोली हेच तिचं ऑफिस. त्या हिवाळ्यात तिला मनासारखं काम मिळालं. समीना नावाची हैदराबादची बाई कतारी घरात लग्न होऊन आली होती. दुखानच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं शेत होतं आणि तिथं तिला पाहुण्यांसाठी एक देखणी केबिन हवी होती. जुन्या सामानाच्या यार्डातून एक लांबट पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी पत्र्याची खोली, आणली गेली. कधीकाळी ती कामगारांच्या वस्तीत राहायची खोली होती.

आसावरीने तिचा कायापालट केला. आतून ओक रंगाच्या लाकडी पट्ट्या, भिंतीत मिटणारं टेबल, खजुरीच्या झाडांकडे उघडणारी रुंद काच. जागा वाचावी म्हणून पलंग उंच माच्यावर घेतला आणि खाली कपाटं केली. सुतारकाम रामेश्वरकडे होतं. तो परभणीकडचा, बोलायला कमी, हात सफाईदार.

काम संपत आल्यावर एका दुपारी आसावरी एकटीच केबिनमध्ये गेली. भिंती किती ऊन अडवतात ते तिला बघायचं होतं, म्हणून तिने एसी बंद केला आणि माच्यावर जाऊन आडवी झाली. छत चेहऱ्यापासून दोन हातांवर होतं. पाचेक मिनिटांनी उशीच्या बाजूच्या भिंतीतून आवाज येऊ लागला. खर्र, खर्र. मग थांबून एक लांब रेघ ओढल्यासारखा.

तापलेला पत्रा वाजतो हे तिला माहीत होतं. पण पत्रा असा विचार करत करत वाजत नाही. कॉलेजात ड्रॉइंग बोर्डावर तिने पाच वर्षं काढली होती. कागदावर पट्टी धरून पेन्सिल ओढली की कसं वाजतं, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने रामेश्वरला त्या भागातल्या पट्ट्या काढायला लावल्या.

"मॅडम, परवाच तर बसवल्यात," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पटाशी उचलली.

पट्ट्यांमागे केबिनची जुनी पांढरी भिंत होती. तिच्यावर पेन्सिलने एका घराचा नकाशा काढलेला. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. प्रत्येक भिंतीवर फुटातली मापं. वर लिहिलं होतं, 'हौसाचं घर'. खाली नाव, धोंडीराम, आणि गावाचं नाव.

"पट्ट्या ठोकताना रेघा दिसल्या होत्या," रामेश्वर म्हणाला. "सुताराच्या खुणा असतील म्हणलं. वाचलं नाही." त्याने माच्याची उंची हाताने मापली. "इथंच वरची बर्थ असंल, मॅडम. निजून निजून काढलंय त्यानं."

आसावरी बराच वेळ नकाशा बघत राहिली. नवशिक्याने काढलेला असूनही तो नीट विचार केलेला होता. ओट्यावर दोन माणसं बसतील एवढी जागा, दार पूर्वेला. चूक एकच होती. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती.

गाव रामेश्वरच्या शेजारच्या तालुक्यातलं निघालं. त्याने ओळखीपाळखीत विचारलं आणि दोन दिवसांत कळलं ते असं. धोंडीराम सेंटरिंगचं काम करायचा. तीन वर्षांपूर्वी इथंच, कामगारांच्या वस्तीत, तो झोपेतच गेला. सकाळी उठवायला गेले तेव्हा अंग गार पडलं होतं. घरी बायको होती, हौसाबाई.

आसावरीने तिला फोन लावला. आपण कोण, काय सापडलं, हे सगळं सांगितलं.

"नकाशा काढला व्हता का त्यांनी?" हौसाबाई म्हणाली. "मला फोनवर निस्तं सांगायचे. इकडं दार, तिकडं ओटा. पाया झाला अन् ते गेले. मंग काम तसंच ऱ्हायलं."

"नकाशा चांगला आहे, हौसाबाई. फक्त चुलीच्या खोलीला खिडकी नाही."

"त्येच तर. शेवटच्या फोनला मी म्हणले, धूर डोळ्यात जायलाय, चुलीपाशी खिडकी काढा. ते म्हणले, उद्या काढतो."

त्या आठवड्यात रामेश्वर दुसऱ्या साइटवर होता. केबिनची किल्ली आसावरीच्या पर्समध्ये होती. गुरुवारी सकाळी ती फोटो काढायला गेली. माच्यावर चढली आणि तिथंच गुडघ्यांवर बसून राहिली. नकाशातल्या स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीत आता खिडकी होती. तीन फूट बाय अडीच, जमिनीपासून उंची साडेतीन फूट. बाकी रेघा पुसट झालेल्या, ही काळीभोर. खालच्या नव्या चादरीवर शिशाची भुकटी पडलेली. तिने बोट लावलं तर बोट काळं झालं.

टेप काढून तिने प्रत्येक माप तपासलं आणि वहीत उतरवलं. मग अंगणात जाऊन समीनाला फोन केला आणि जे पाहिलं ते सांगितलं. समीनाने वाद घातला नाही. ती शेतावर आली, नकाशासमोर उभी राहून ओठातल्या ओठात दुवा म्हणाली. पण पाहुणे तिथं झोपायचे होते, म्हणून भिंत परत झाकून घेऊ या, असं तिचं म्हणणं पडलं. आसावरीलाही दुसरं काही सुचलं नाही. रामेश्वरने पट्ट्या बसवल्या तेव्हा खिळा ठोकण्याआधी दर वेळी तो थोडा थांबत होता.

आसावरीने नकाशा स्वच्छ काढून, सळया-सिमेंटचा हिशोब जोडून गवंड्यासाठी हौसाबाईच्या पुतण्याला पाठवला. खिडकी होती तशीच ठेवली. चार दिवसांनी हौसाबाईचा फोन आला.

"नकाशात खिडकी बघितली. माझ्या छातीला येती, तेवढीच पाहिजे व्हती. तुम्हाला माझी उंची कशी कळली?"

आसावरी म्हणाली, "मी नाही काढली ती."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला.

"आणिक काही लिहिलंय का त्यांनी?" हौसाबाईने हळू विचारलं.

"नाही. तेवढंच."

"बरं," ती म्हणाली. "गवंडी सोमवारी येतो म्हणलाय."