मंगलाबाईंच्या नावाचा मेल

काम अडलं की योगेंद्र आधी दुसऱ्याचं नाव घेतो, ही त्याची खोड मंगलाबाईंच्या डोक्यात जात असे. मशीन बंद पडली की दोष वीजवाल्याचा. पार्सल चुकलं की टेम्पोवाल्याचा. आज मेल परत येत होता, तर दोष नाशिकवाल्यांचा.

"त्यांचीच मेलपेटी भरली असणार, माय," कॉम्प्युटरसमोरून न उठता तो म्हणाला.

"सकाळपासून भरेलच आहे? आणि एवढ्या मोठ्या दुकानात ती रिकामी करायला कोणी नाही?"

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या घरात खालच्या मजल्यावर लेसपट्टीच्या मशिनी चालत आणि वर माणसं राहत. अमळनेरकडून लग्न होऊन आलेल्या मंगलाबाईंनी दुसऱ्यांच्या साड्यांवर खडे चिकटवता चिकटवता पहिली मशीन घेतली, त्यावर दुसरी, आणि दिराने पाटीवर स्वतःचं नाव सुचवलं तेव्हा त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पाटीवर मंगलाबाई, बिलावर मंगलाबाई. योगेंद्रने मेलचा पत्ता घेतला, तोही त्याच नावाचा. शाळेत त्या जेमतेम सही शिकण्यापुरत्या गेल्या होत्या. ती सही मात्र अशी करत की बँकेतला माणूससुद्धा कागद फिरवून बघे.

नाशिकच्या साड्यांच्या एका मोठ्या पेढीला नवरात्रासाठी पट्टी हवी होती. खरेदी बघणाऱ्या मानसी मॅडमचं सांगणं सरळ होतं: डिझाइनं आज दुकान बंद व्हायच्या आत मेलवर यायला हवीत, तीही फर्मच्याच पत्त्यावरून. व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही. मागे कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने माल विकून त्यांना फसवलं होतं. योगेंद्रने स्वतःच्या मेलवरून पाठवून पाहिलं, तर नम्र उत्तर आलं: फर्मच्या पत्त्यावरून पाठवा. आज डिझाइनं पोचली नाहीत तर पट्टी दुसऱ्याची लागणार होती.

योगेंद्रने फोटो लहान केले. नेटचा डबा बंद करून चालू केला. मेलचा विषय बदलला. मेल गेला आणि पाणी प्यायला उठेपर्यंत परत आला.

"परत येताना काय सांगतो तो?" मंगलाबाईंनी विचारलं.

"काही नाही, लांबलचक इंग्लिश असतं. मी डिलीट करतो."

"न वाचता?"

"ते मशीनचं लिहिलेलं असतं, माय."

"माझ्यासारखी अडाणी बाई लाइटबिलाची मागची बाजूसुद्धा वाचून घेते. तू बीकॉम झाला, आणि दारावरून आपला माणूस हाकलून दिला तर त्याला कसाले हाकललं हे विचारत नाहीस? उज्ज्वला! वर ये, बेटा."

सून उज्ज्वला खाली पट्टीची रिळं मोजत होती. खांद्यावर बदामी लेसचं एक टोक तसंच घेऊन ती वर आली. तिने आधी तोच मेल स्वतःच्या पत्त्यावर पाठवला. तोही परत आला.

"म्हणजे नाशिकची पेटी भरेल नाही," मंगलाबाई समाधानाने म्हणाल्या.

मग उज्ज्वलाने परत आलेलं इंग्लिश शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "आत्याबाई, दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, हा मेल खरंच आपणच पाठवला याची त्यांना खात्री पटत नाही. दुसरी, या नावावरून लोकांना नको असलेले मेल फार आले, म्हणून हे नाव अडवलं आहे."

"नको असलेले? माझ्या नावाचे?" मंगलाबाई खुर्चीतून उठल्याच. "लाव त्या वैभवला फोन."

वैभव जवळच्याच भेस्तानचा. यांची वेबसाइट आणि मेल तोच सांभाळी. फोन स्पीकरवर टाकला.

"योगेंद्रभाई, एकदम पुष्कळ लोकांना मेल टाकला होता का हमणां, एवढ्यात?"

योगेंद्र कान खाजवू लागला. "टाकला होता एक. कानबाईचं आवतन."

श्रावणात यांच्या घरी कानबाई देवी बसे, तिच्या नैवेद्याचे रोट होत, आणि भाऊबंदांना जेवायला बोलवत. ते आवतन यंदा योगेंद्रने दिलं होतं.

"कोणाकोणाले दिलं?" मंगलाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना. मार्केटच्या डिरेक्टरीत जेवढे पत्ते होते तेवढ्यांना."

"लुधियानाच्या लोकरवाल्याले पण?"

"तोही होता त्यात."

उज्ज्वलाने लेसचं टोक तोंडावर धरलं. फोनमध्ये वैभव उघड हसत होता. "मासी, त्या लोकांना वाटलं हा कचरा आहे. त्यांनी तशी तक्रार केली, मेलवाल्यांनी नाव लिहून घेतलं. आणि गेल्या दिवाळीत आपण सर्व्हर बदलला ना, तेव्हा मी दोन ओळी पाठवल्या होत्या. एक ओळ सांगते की आमचा मेल हा सर्व्हर नेतो, दुसरी मेलवरच्या सहीची. भाईंनी त्या डोमेनमध्ये टाकल्याच नाहीत. आधी चालून गेलं. आता ते प्रत्येक मेल तपासतात."

"नंतर टाकू म्हटलं होतं," योगेंद्र पुटपुटला.

उज्ज्वलाने त्याला खुर्चीतून उठवलं आणि वैभव सांगेल तशा दोन्ही ओळी टाकल्या. पण वैभव म्हणाला, नावाला लागलेला डाग सगळीकडून लगेच जात नाही. नाशिकच्या कॉम्प्युटरवाल्याने त्यांच्याकडून तुमचं नाव मोकळं केलं तर आजचं काम होईल.

योगेंद्रने फोन उचलला. "मी सांगतो मॅडमना, तुमच्या सिस्टिममध्ये काहीतरी गडबड..."

मंगलाबाईंनी फोन काढूनच घेतला.

"मानसीबाई, मी मंगलाबाई बोलते, सुरतहून. चूक आमची आहे. आमच्या पोराने नको त्या दारांवर मेल टाकले. आता ओळखपाळख सगळी नीट लावली आहे. तुमच्या माणसाला सांगा, तपासायचं तेवढं तपास, पण आमचं नाव आत घे."

पलीकडे हसू फुटलं. "मावशी, ते आवतन आमच्याकडे प्रत्येक टेबलावर आलं होतं! आमचे शेठ विचारत होते, या कानबाईंना आपण कुठली ऑर्डर दिली आहे?"

"त्यांना म्हणावं, ती ऑर्डर घेत नाही, देते," मंगलाबाई म्हणाल्या. "तुम्ही आमचं नाव आत घ्या."

खाली मशिनी चालू होत्या. उज्ज्वलाने स्वतःला एक मेल पाठवून पाहिला. पोचला. मग नाशिकला. तिघंही पडद्याकडे बघत राहिले. मेल परत आला नाही. चहा झाला, तरी आला नाही. संध्याकाळी मानसीचं उत्तर आलं: मिळालं, बदामी पट्टी छान आहे, तिचा नमुना कुरिअरने पाठवा.

उज्ज्वलाने ते मोठ्याने दोनदा वाचलं, कारण मंगलाबाईंनी दोनदा वाचायला लावलं.

योगेंद्रला आता धीर आला. "पण माय, तूच म्हणाली होतीस, आवतनातून कुणी सुटायला नको."

उज्ज्वला हळूच दाराकडे सरकली. मंगलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"म्हटलं होतं, आणि पुढच्या साली पण म्हणेन. पण योगेंदर, आवतन देणारा माणूस दारात जातो, बसतो, लेकराबाळांची विचारपूस करतो. तू इथं खुर्चीत बसून अख्खा हिंदुस्थान जेवायला बोलावला आणि एकाच्याही घरी पाणी प्याला नाहीस. तू आळशी नाहीस रे, बेटा. तुले काम उरकायची घाई फार. येत्या श्रावणात डिंडोलीतलं एकेक घर तू पायी करशील. आणि मी मागून रिक्षात येईन, बघायला."