कोपीच्या गाठी

भागूबाईने कोपीची शेवटची चटई गुंडाळून गाडीवर टाकली आणि कमरेच्या सुतळीला अकरावी गाठ मारली. कोपी, ही चटयांची झोपडी, मोडली की एक गाठ. बावीस दिवसांत अकरा. दरसाल एका जागी ऊसतोड्यांची टोळी बसली की महिना-दीड महिना चुलीचे दगडसुद्धा हलत नसत.

"आक्का, ल्योकाला आमचा निरोप दे," लंकाबाई पोर काखोटीला मारत म्हणाली. "म्हनावं, तुज्या मशिनीला एकदा बाळातीन हू दे. मग कळंल तिला बिऱ्हाड हलवनं."

टोळी हसली. भागूबाई हसली नाही.

"मशीन व्हईल तवा व्हईल बाळातीन. तू आधी ती कळशी उचल."

ल्योक म्हणजे गोरक्षनाथ. पाथर्डीच्या माळावरून नगरच्या बोर्डिंगात आणि तिथून शिष्यवृत्तीवर मुंबईला गेलेला. तिथे खोलीएवढ्या गणकयंत्रावर तो काम करी. बेलापूरकडच्या या साखर कारखान्याचा तोडणीच्या क्रमाचा कागद यंदा त्या यंत्राने काढला होता. कुणाच्या उसाची लागण कधीची ते यंत्राला सांगायचं. ज्याचा ऊस आधी पिकला त्याचा फड आधी तुटणार. वशिला नाही, ओळख नाही. असं काम अजून कुणी केलं नाही, असं गोरख म्हणायचा, आणि म्हणताना उगाच शर्टाची गुंडी चाचपायचा. महिनाभर कागद टिकला तर काम पुढे जाणार होतं. नाही टिकला, तर त्याला त्या यंत्राजवळ पुन्हा कोण उभं करणार होतं?

कागदात खोट नव्हती. पण पिकलेले फड काही शेजारी-शेजारी नसतात. आज नदीकाठ, परवा कालव्यापार. दरवेळी नवी जागा, नवी विहीर, पाण्यासाठी नव्या माणसाची मिनतवारी. त्यात हौश्या बैलाचा खांदा सुजून फुटलेला. बैल बसला तर गाडी बसणार आणि गाडी बसली तर हंगाम. गावी जाऊन करणार काय? तिकडे पाऊस नसलेलं हे दुसरं वर्ष.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या फडातला ऊस घेऊन गाड्या कारखान्याच्या तळावर लागल्या. लिंबाखाली मोठे साहेब खुर्चीवर बसले होते. शेजारी शेतकी साहेब. त्यांच्या भावाचा ऊस दरसाल पहिल्या आठवड्यात तुटायचा, यंदा कागदावर तो एकशेचाळिसावा होता. समोर मुंबईहून आलेला गोरख, हातात घडीघडीचा लांबलचक कागद.

"कारभारी, इकडं ये," शेतकी साहेबांनी टोळीच्या मुकादमाला हाक मारली. "कागदाचा तरास हाय का न्हाई? मोठ्या सायबांपुढं सांग."

कारभारीने टोपी काढली, पुन्हा घातली. "म्या काय सांगू? भागूवैनीला इचारा. तिच्याच बैलाचा खांदा गेलाय."

"बरं झालं! ही तर याची आई." शेतकी साहेब गोड हसले. "आई कुठं खोटं बोलती का? सांग बाई, भिऊ नको."

भागूबाईला संताप आला. या गोड बोलणाऱ्याचा आला, टोपीशी खेळणाऱ्या मुकादमाचा आला आणि सगळ्यात जास्त समोर कागद धरून उभ्या असलेल्या शहाण्याचा आला. तो तिच्याकडे बघतही नव्हता. गुंडी चाचपत होता.

"बैल म्हातारा हाय," ती म्हणाली. "कागदाचं काय न्हाई त्यात."

"आगं, पर..."

"म्हातारा हाय म्हनलं ना सायेब! म्हाताऱ्याचा खांदा जायाचाच."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. महिना पुरा होऊ द्या, म्हणाले, आणि उठले.

गोरख गाडीमागे धावत आला. चेहरा उजळलेला.

"आये, बरं झालं तू..."

तिने कमरेची सुतळी काढून त्याच्या अंगावर फेकली.

"मोज."

त्याने मोजल्या. "अकरा. काय आहे हे?"

"बावीस दिसांत कोपी मोडली, त्याच्या गाठी."

"पण आये, कागद बरोबर आहे."

"बरोबर हाय म्हनून तर तिथं बोलले न्हाई. त्या चोरापुढं तुला उघडा पाडू व्हय? पर मला सांग, तुज्या कागदात मी कुठं हाय?"

त्याने कागद उलगडला. बोट फिरवत खाली आला. फडाचा नंबर, लागणीची तारीख, अंदाजे वजन. "ही बघ. टोळी सतरा."

"आन बैल?"

तो हळूच म्हणाला, "बैल दिवसाला किती चालतो, आये?"

"अरे देवा!" तिने कपाळाला हात लावला. "अशाच कोपीत जलमलास. सात वर्सं ह्याच गाडीत उसावर बसून हिंडलास. आन आता मलाच इचारतोस?"

संध्याकाळच्या गाडीने तो मुंबईला परत जाणार होता. गेला असेल, असं धरून तिने दुसऱ्या दिवशी सकाळी बारावी कोपी मोडायला घेतली. बघते तो हा बांधावरून येतोय, बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. न बोलता त्याने चटया उचलल्या. गाडी निघाल्यावर हौश्याच्या बाजूने चालत राहिला. लंकाबाईने दोनदा टोमणा मारला, त्याला ऐकूच गेला नाही. ओठ हलत होते त्याचे.

नवा फड आला तेव्हा तो बांधावर मटकन बसला.

"पंधरा हजार दोनशे पावलं, आये. बैल चारदा थांबला."

"मोजून खांदा बरा व्हतो व्हय?"

त्याने खिशातून सुतळी काढली आणि बारावी गाठ स्वतः मारली. भागूबाईने ती हिसकून घेतली, बघितली, एका ओढीत गाठ सुटली.

"एवढं शिकलास, गाठ मारता येत न्हाई."

तिने ती पुन्हा मारली, दाताने आवळून, आणि सुतळी त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली.

"ने आता. त्या मशिनीला दाव."