एथेलशेजारची जागा

आमच्या कोल्ड स्पूनला दातांचा डॉक्टर नाही, हे परक्या माणसाला जेवताना कळायचं. अख्खं गाव एकाच बाजूने चावायचं. चर्चच्या तळघरात जेवण असलं की डाव्या गालाने खाणारे एका बाकावर बसायचे आणि उजव्या गालाने खाणारे समोरच्या. म्हातारे डॉक्टर मुलीकडे राहायला निघून गेले, तेव्हापासून हे असं. दवाखाना जागेवर होता, खुर्ची होती, भिंतीवर हसणाऱ्या दाढेचं चित्र होतं. फक्त कुणाच्या तोंडात बघणारं माणूस नव्हतं. दात दुखला की लांबच्या डुलूथ शहरात जायचं, आणि हिवाळ्यात डुलूथला जायचं म्हणजे आधी बायकोला सगळ्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून निघायचं.

त्या मार्चमध्ये माझी उजवीकडची खालची दाढ ठणकत होती. मी तिला लवंगेच्या तेलावर ठेवलं होतं. लवंगेच्या तेलाने दुखणं जात नाही, पण ते शेजाऱ्यांच्या घरात चाललंय असं वाटायला लागतं. मी दिवसभर तरंगत असायचो. बाहेर तळ्यावर धुकं बसलेलं, तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. गोठलेलं तळं आतून हुंकार द्यायचं, झोपेत कूस बदलणाऱ्या म्हशीसारखं, आणि तो हुंकार थेट माझ्या दाढेत ऐकू यायचा.

अशात आमच्या मेयरबाई, हॅरिएट, सांगत आल्या की वाळवंटातल्या फीनिक्सची एक दंतवैद्य बाई गाव बघायला येतेय. मारिसोल तिचं नाव. सोबत नवरा, वेंडेल. पसंत पडलं तर इथेच राहतील. त्यांना आमच्या घरी जेवायला आणायचं ठरलं, कारण आमच्या खिडकीतून तळं दिसतं आणि बर्निसच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, भट्टीत भाजलेल्या हॉटडिशला गावात कुणी नाव ठेवत नाही.

"आर्विड," हॅरिएट मला म्हणाल्या, "दाढ दुखतेय हे तिला कळता कामा नये. ते मागितल्यासारखं दिसेल."

मी म्हणालो, हरकत नाही.

आता एथेलबद्दल सांगायला हवं. एथेल म्हणजे त्या वर्षीची गाडी. दर हिवाळ्यात आम्ही एखादी भंगार गाडी, इंजिन-बिंजिन काढून, तळ्याच्या बर्फावर नेऊन ठेवतो आणि बर्फ वितळून ती कुठल्या दिवशी बुडेल याचा अंदाज बांधतो. ज्याचा अंदाज बरोबर त्याला हॅम, डुकराची खारवलेली अख्खी तंगडी. त्या वर्षीची गाडी पिवळी होती आणि तिचा आव जरा शिष्ट होता, म्हणून तिचं नाव एथेल.

पाहुणे आले तेव्हा हॅरिएट, बर्निस आणि मी खिडकीत कॉफी घेऊन उभे होतो. धुक्यातून एक पांढरी भाड्याची गाडी आली, आमच्या घरासमोर जरा घुटमळली, मग होड्या उतरवायच्या उतारावरून सरळ खाली गेली, तळ्यावर चढली आणि इंडिकेटर देऊन एथेलच्या शेजारी नीट, समांतर उभी राहिली.

"तिथे लावली," हॅरिएट म्हणाल्या.

"लावली खरी," बर्निस म्हणाली.

मी म्हणालो, त्यांना मोकळी हवा आवडत असेल.

पाहुण्याला चुकलात असं तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही. मागे एक माणूस चुकून भलत्याच अंत्यविधीला आला होता. आम्ही त्याला शवपेटीचा एक कोपरा धरायला दिला, जेवू घातलं, डबा भरून दिला, पण सांगितलं नाही. तो अजून नाताळाला कार्ड पाठवतो.

तरी दारातच मी मारिसोलला म्हणालो, "जागा जरा वेगळीच निवडलीत."

आमच्याकडे 'वेगळंच' हा शब्द फार जपून वापरतात. माझ्या चुलत भावाच्या तिसऱ्या लग्नाला तो एकदा वापरला गेला आणि त्यानंतर दोन घरं बोलत नव्हती. पण मारिसोलचा चेहरा खुलला. ती म्हणाली, इतकं मोकळं पार्किंग फीनिक्सला स्वप्नातसुद्धा मिळत नाही.

बाई पन्नाशीच्या आतली, ठेंगणी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. मी मान उजवीकडे वळवून ठेवली. जेवताना तिने आपलं सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या दाराची कडी धरली तर तळहात भाजला. उजवा. कितीतरी दिवस हातात दात बघायचा साधा आरसा धरता येईना. तेव्हाच तिने ठरवलं की जिथे आपल्या हाताची भाकरी होते तिथे राहायचं नाही. पण कुठे जायचं ते ठरत नव्हतं. थंडी जमेल का, काम मिळेल का, आणि लोक आपल्याला आत घेतील का, एवढंच तिला कळायला हवं होतं. एकदा घर विकलं की परत जायला जागा नव्हती.

सरळ विचारत होती बिचारी. उत्तरं देणारे आम्ही होतो.

उन्हाळा कसा असतो, तिने विचारलं. बर्निस म्हणाली, असतो. दवाखाना कसा आहे? हॅरिएट म्हणाल्या, छप्पर फारसं गळत नाही. थंडीचं काय? मी म्हणालो, गेल्या वर्षी फक्त एकदाच कुणाचा तरी कान गेला, आणि तोही अख्खा नाही.

वेंडेलचा धंदा एसी दुरुस्तीचा. उंच, गरीब स्वभावाचा माणूस. गावात एसी किती आहेत, त्याने विचारलं. आम्ही आठवून बघितलं. एक चर्चमध्ये होता, तो खिडकीतून पडला. हॅरिएट म्हणाल्या, हीटर मात्र आहेत, म्हणजे तेच यंत्र, तोंड फिरवलेलं. वेंडेल हसला, पण त्याचा काटा प्लेटमध्ये एकाच जागी फिरत राहिला.

शेवटी मारिसोलने विचारलं, "आणि लोक कसे आहेत इथले?"

बर्निसने बराच विचार केला. "त्रास देत नाहीत," ती म्हणाली.

याहून जास्त आम्हाला जमत नाही. चारचौघांत आपल्याच गावाची स्तुती करायची म्हणजे चारचौघांत आंघोळ करण्यासारखं. आमच्यातले फिनलंडकडचे लोक तर वाफेच्या खोलीत चारचौघांत आंघोळसुद्धा करतात, पण स्तुती तेही करत नाहीत. खरं म्हणजे त्या दवाखान्यासाठी सगळं गाव राबलं होतं. छप्पर नवं, फरशी नवी, आणि हसणाऱ्या दाढेचं चित्र हॅरिएटने स्वतः ओल्या फडक्याने पुसलं होतं, पुसता पुसता रडल्याही होत्या. पण हे सांगणार कोण?

मारिसोलने वेंडेलकडे बघितलं. नवराबायको न बोलता बोलतात तसं ते बोलले, आणि मला दिसलं की आमचं गाव तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू पुसलं जातंय, धुक्यात झाडं जातात तसं. मग तिने दोन्ही गुडघ्यांवर हात आपटले आणि म्हणाली, "चला तर मग."

झालं. आमच्याकडे गुडघ्यांवर हात आपटून 'चला तर मग' म्हटलं की निरोपाला सुरुवात होते, आणि आमचा निरोप म्हणजे लग्नाच्या वरातीसारखा असतो, पुढे सरकतो पण पोचत नाही. आधी टेबलापाशी. तिथे ताटलीत लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा राहिलेला. शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही, अर्धा कापून घेतात. हॅरिएटने अर्धा घेतला. बर्निसने उरलेल्यातला अर्धा. मी त्यातला. वेंडेलपर्यंत पोचला तेव्हा तो तुकडा होता की सुरीचा डाग होता, सांगता आलं नसतं.

माझी खुर्ची खिडकीसमोर होती. तिथून दिसलं की एथेल आहे तशी आहे, ताठ. शेजारची पांढरी गाडी मात्र मागून किंचित बसली होती, कुणी दमून टेकावं तशी. उंबऱ्याशी कोट चढवेपर्यंत तिचं मागचं चाक दिसेना. दाढ, तळं आणि गाडी तिन्ही मिळून हुंकार देत होती. मला वाटलं आता बोलायलाच हवं, पद्धत गेली खड्ड्यात.

"डॉक्टर," मी म्हणालो, "बर्फ आता जरा मार्चसारखा झालाय." मार्चमध्ये आमचा बर्फ आतून पोकळ होतो.

ती थबकली. "किती सुंदर बोलता हो तुम्ही," ती म्हणाली आणि कोटाची गुंडी लावली.

मग उंबऱ्याच्या आत बर्निसच्या गुडघ्याची गोष्ट झाली. उंबऱ्याच्या बाहेर हॅरिएटच्या पुतणीची. डबा भरून झाला. ओट्यावर आलो तेव्हा धुकं पायरीपर्यंत आलं होतं. एथेलचा नुसता पिवळा टप दिसत होता, दुधात तरंगणाऱ्या लोण्यासारखा. गाडी कुठेय ते दिसत नाही म्हणून वेंडेलने खिशातून किल्ली काढली आणि बटण दाबलं.

तळ्याच्या आत दोन दिवे लागले.

खूप खाली, हिरवे, मऊ. आणि आतूनच हॉर्न वाजला, गुळण्या करत कुणी हाक मारावी तसा. वेंडेलने पुन्हा बटण दाबलं. दिवे गेले. पुन्हा दाबलं, लागले. बर्फ खालून उजळला. एक मासा त्या उजेडातून शांतपणे, आपलं घर असल्यासारखा गेला. इतकं सुंदर काही मी आमच्या तळ्यात बघितलं नव्हतं, आणि भाड्याच्या गाडीचा विमा होता की नाही हा विचारही मला तेव्हा शिवला नाही.

काठावर धुक्यात टोइवो उभा होता. गावातला गाड्या ओढायचा ट्रक त्याचा. ट्रक सुरू, साखळी हातात. पाहुणे जेवायला बसले तेव्हापासून तो तिथे उभा होता. कुणी विचारलं नाही म्हणून थांबला होता.

"जरा ओली झाली असेल," टोइवो म्हणाला.

मारिसोल आमच्याकडे वळली. "तुम्हाला दिसत होतं?"

"हो," मी म्हणालो.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. जागा वेगळीच आहे म्हणालो."

तिने 'वेगळीच' म्हणजे काय ते विचारलं. बर्निस कानापर्यंत लाल झाली आणि तिने मारिसोलच्या कानात सांगितलं. मारिसोल ओट्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं आता रडणार. पण ती एकेक गोष्ट आठवत होती, हिशोब उलटा तपासावा तशी.

"म्हणजे छप्पर 'फारसं' गळत नाही?"

हॅरिएट जमिनीकडे बघून म्हणाल्या, नवीन घातलंय. सगळ्यांनी मिळून.

"आणि लोक त्रास देत नाहीत?"

बर्निस आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते थंडीने आलंय असं दाखवायला ती तळ्याकडे वळली. तिकडे वेंडेल टोइवोला साखळी धरू लागला होता, आणि टोइवो त्याला आपल्या घरचा हीटर कसा आवाज करतो ते तोंडाने करून दाखवत होता. टोइवोला इतकं बोलताना आम्ही त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मारिसोल उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आम्ही आल्यापासून तुम्ही डाव्या बाजूने खाताय. दुखतंय?"

हॅरिएटने मला डोळ्यांनी दटावलं.

"थोडंसं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे विचारलं, "दवाखान्याची किल्ली कुणाकडे आहे?"

त्या खुर्चीत मी आडवा झालो तेव्हा छताचा नवा रंग अजून वास मारत होता. तिने दिवा ओढला. या राज्यात मला परवाना नाही, ती म्हणाली, नुसतं बघणार. हनुवटीला तिचा हात लागला. तळहातावर भाजल्याची गुळगुळीत जागा होती आणि हात गार होता, तळ्यावरून आत आल्यासारखा. ती बराच वेळ बघत राहिली. भिंतीवरची दाढ हसत होती. मला वाटलं मी पाण्याखाली आहे आणि वरून कुणीतरी मला शोधायला दिवा लावलाय. दुखत होतंच, पण आता ते माझ्याच घरात दुखत होतं, आणि दार उघडून कुणीतरी आत आलं होतं.

"ही दाढ गेली," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या डुलूथला जा आणि काढून घ्या. थांबायचं नाही."

मी मान हलवली.

"तिच्या शेजारची पण किडायला लागलीय. तिला मात्र तिथे कुणाला हात लावू देऊ नका." तिने दिवा बंद केला. "ती माझ्यासाठी ठेवा."

बाहेर पायरीवर बर्निस आणि हॅरिएट आकाशाकडे बघत उभ्या होत्या, म्हणजे त्या दाराला कान लावून नव्हत्या असं दिसावं. काय म्हणाली, असं अर्थात दोघींनीही विचारलं नाही. मी टोपी नीट केली, तळ्याकडे बघितलं. एथेल अजून उभी होती.

"गाव वाईट नाही म्हणाली," मी म्हणालो.

हॅरिएटने लगेच रुमाल काढला.