दोन डाव्या हातांचा

मी बोलतोय खरा, पण माझ्या ओठांकडे बघू नका. ते नुसते रंगवलेले आहेत. मी एक खेळण्यातला रोबो. कमरेत वळवलं आणि पाय दुमडले की माझी क्रेन होते. होते कसली, व्हायची! आज सकाळपर्यंत मी काचेच्या कपाटात दुसऱ्या फळीवर उभा होतो आणि मला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती.

आमचा गोतावळा मोठा. टीव्हीवर आमचं कार्टून, दुकानात आम्ही; चाळीस वर्षं झाली, दोन्ही अजून चालू आहे. एवढ्या सगळ्यांत दोन्ही हात डावे असलेली एकच खेप निघाली, आणि मी त्या खेपेतला.

झालं असं की, कारखान्यात हात जोडणाऱ्या बाईंपुढे डाव्या हातांचेच दोन ट्रे आले. बाईंनी मुकादमाला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, आलेत तसे लावा, वरच्यांनी काही विचार करूनच पाठवले असतील. लावले. त्यातलाच एक जण नमुना म्हणून कार्टून काढणाऱ्यांकडे गेला. ते बिचारे प्रामाणिक, समोर दिसलं ते त्यांनी काढलं. पडद्यावरही मी दोन डाव्या हातांचाच अवतरलो, एक पूल उचलून धरला, आणि एक अक्षर बोललो नाही. मग मुलांची ढीगभर पत्रं आली, कंपनीची शोभा झाली, आणि पुढच्या भागात कुणीतरी सांगून टाकलं की तो दुरुस्तीसाठी दूरच्या ग्रहावर गेलाय. मी गेलो तो गेलोच. आजतागायत मला कुणी आणायला आलेलं नाही.

पण घरात मात्र माझी चंगळ होती. वडिलांनी मला आणलं ते दोघा भावंडांत मिळून एक. त्यांनी आपसात कामं वाटून घेतली: वळवायचं दादाने, बोलायचं छोटीने. छोटी पाच वर्षांची, समोरचे दात पडलेले. स्टीलच्या पेल्यात तोंड घालून ती माझा आवाज काढायची, घोगरा आणि थोडा शहाणपणाचा. ‘थांब हं, दुसरा डावा हात पाठवतो,’ असं मी म्हणालो की दादा हसून लोळायचा. माझं नाव ‘डावू’ तिनेच ठेवलं. मला तोंड फुटलं ते त्या पोरीमुळे, मी हे विसरणार नाही.

पुढे दादा मोठा झाला, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासू लागला. कुठल्याशा मासिकात त्याने वाचलं की दोन डाव्या हातांचे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्याच दिवशी त्याने मला साबणाने धुतलं, पुसलं आणि कपाटात उभं केलं. तेव्हापासून मला उचलायचे ते पांढरे हातमोजे घालून. अहो, माझ्यावर धूळ बसायलाही बंदी! माणसं एखाद्या वस्तूवर फार जीव लावतात तेव्हा तिला शिवायचंच सोडून देतात, हे मला काही केल्या उमगत नाही.

दादाने लग्न केलं नाही. दर रविवारी त्याच्यासारखीच संग्राहक मंडळी जमतात आणि आमच्या चुकांवर तासन्‌तास बोलतात. कुणाचं शिरस्त्राण एका भागात निळं आणि पुढच्यात हिरवं, कोण मेल्यावरही गर्दीत उभा दिसला, हे सगळं दादाच्या वहीत आहे. माझ्या पानावर लिहिलंय: हात, दोन्ही डावे. भाग, एक. आवाज, नाही.

परवा दुपारी छोटी आली. तिची बदली फार लांब झाली होती, म्हणून निरोप घ्यायला. चहा होईपर्यंत तिने ती वही चाळली आणि माझ्या पानावर थांबली.

“आवाज नाही, असं का लिहिलंस?”

“कार्टूनमध्ये तो बोललाच नाही गं. तीच तर गंमत आहे.”

“आणि मी इतकी वर्षं पेल्यात तोंड घालून काय करत होते?”

दादा हसला. “ते आपलं घरातलं. ते धरत नाहीत.”

तिने वही मिटली. मग तिने मला एकदा हातात मागितलं. दादाने कपाट उघडलं आणि आधी हातमोजे पुढे केले. तिने ते टेबलावर ठेवून दिले. राहू दे, म्हणाली, चहा अर्धाच प्यायली आणि गेली. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण दात रंगवलेले, ओठ रंगवलेले; हाक कशी मारणार?

आज दुकान बंद. दादा सकाळपासून वही उघडून बसला होता. मग स्वयंपाकघरातून पेला आणला, तोंडाला लावला आणि माझा आवाज काढून पाहिला. आला तो त्याचाच, दमलेला. दोनदा, तीनदा. शेवटी तो उठला आणि नुसत्या हातांनी मला बाहेर काढलं. भिंगं घासून त्याची बोटं खरखरीत झालीत, हे मला आजच कळलं.

माझं पिवळं प्लास्टिक वयाबरोबर ठिसूळ होतं. वहीत तशी नोंदही आहे. त्याला ठाऊक होतं, तरी त्याने मला कमरेत वळवलं. कट्‌कन आवाज झाला, मी दोन तुकडे होऊन टेबलावर पडलो.

 मग त्याने स्पीकरवर फोन लावला.

“छोटे, डावू तुटला.”

“कसा काय?”

“मी वळवत होतो.”

“अरे, माहीत असून? कशाला?”

“मी वळवलं की तू बोलायचीस ना.”

 दादाने चालूच असलेला फोन माझ्याजवळ टेबलावर ठेवला आणि लहानपणी मांडायचा तशी मांडी घालून खाली जमिनीवर बसला.

रविवारच्या मंडळींनो, तुम्ही याल, हळहळाल, चिकटवायचं सामान काढाल. तुमची माया मला कळते, पण जरा थांबा. दारातच चपला काढून गप्प उभे राहा. फोनवर ती घसा खाकरतेय.