राणीसरकारांचा विरह

साठी ओलांडल्यावर शहाणी माणसं बाग करतात, नाहीतर नातेवाइकांच्या लग्नांत लुडबुड करतात. मी घोडी घेतली. पेशाने मी दातांचा डॉक्टर, बांध्याने आडवा, आणि घोड्याशी माझा त्याआधीचा संबंध बुद्धिबळापुरता. तिथेही तो माझ्या हातून लवकर मरायचा.

घोडी तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने संथ. वस्तीबाहेरच्या एका तबेल्यात तिची सोय केली होती. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी तिथे जायचो, खरारा करायचो, खोगीर कसायचो आणि मोतद्दाराने खालून रेटा दिला की वर चढायचो. बायको तिला ‘राणीसरकार’ म्हणायची. तिने स्वतः तबेल्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“वास येतो तिथे,” ती म्हणायची. “हल्ली तुम्हालाही येतो.”

घोडीचा माझ्यावर जीव आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी दिसलो की ती कान टवकारायची, नाक माझ्या कोटात खुपसायची. कोटाच्या खिशात गाजर असायचं, हा तपशील मी सांगताना गाळायचो.

एकदा दंतवैद्यांच्या संमेलनासाठी मी आठवडाभर परगावी गेलो. तपासणीत नजरेतून सुटणाऱ्या दाढांवर माझं भाषण होतं. टाळ्या बऱ्या पडल्या. परत आल्याबरोबर तबेला गाठला, तर मोतद्दार तोंड पाडून उभा.

“साहेब, ती नीट खात नाही. चारा चघळते आणि तसाच खाली टाकते.”

“कधीपासून?”

“तुम्ही गेलात ना, तेव्हापासूनच म्हणा.”

झालं! मला एवढंच ऐकायचं होतं. वाईट वाटलं हे खरं, पण त्या वाईट वाटण्यात एक गुदगुली होती. आयुष्यात माझ्यासाठी कुणी जेवण सोडलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरीसुद्धा थांबली नाही.

“तुम्ही इतक्या वेळा गावाला गेलात,” ती म्हणाली, “मी दोन्ही वेळ पोटभर जेवले. म्हणजे माझं प्रेम नव्हतं की काय?”

“मुक्या जिवाचं वेगळं असतं,” मी म्हणालो.

“मुक्या जिवाला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली.

दवाखान्यात मी ही विरहकथा प्रत्येक रोग्याला ऐकवली. तोंडात कापूस असलेला माणूस वाद घालत नाही. तबेल्यात रोज जास्त वेळ बसू लागलो. तिच्या मानेला मान लावून माफी मागायचो, गाणंही म्हणायचो. लगाम घालायला गेलो की ती तोंड फिरवायची. रुसलीय, मी म्हणायचो. चावताना मान एका बाजूला कलती करायची. लाजतेय! तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबायची, तीही मला भावनेचीच वाटली.

ती मात्र दिवसेंदिवस खंगत चालली. बरगड्या दिसायला लागल्या तसा माझा धीर सुटला आणि मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या दिवशी बायकोही आली. “मला तुमचीच काळजी आहे,” म्हणाली आणि नाकाला पदर लावून दाराशी उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंना मी विरहाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट बसवली आणि आत बॅटरी मारली.

“तुम्ही काय करता?” त्यांनी मला विचारलं.

मी घसा खाकरला. माझ्याआधी बायकोच बोलली, “दातांचे डॉक्टर आहेत.”

डॉक्टरीणबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बॅटरी माझ्या हातात दिली. “मग बघा ना.”

मी पाहिलं. वरच्या मागच्या दाढेची कड झिजून सुरीसारखी झाली होती आणि गालाला आतून लालभडक जखम. माझ्या खुर्चीत माणूस असता, तर त्याने ‘आ’ करायच्या आत मी ओळखलं असतं. बिचारी इतके दिवस जमेल त्या प्रकारे मला सांगत होती, आणि मी तिला गाणी म्हणून दाखवत होतो.

“डोकं धरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लांब दांड्याची कानस आत घातली. ‘थोडंसंच जाणवेल, राणी,’ असं माझं ठेवणीतलं वाक्य मी म्हटलं. कानस दाढेवर खर्रकन फिरली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जन्मभर लोकांच्या दाढा कोरल्या, आणि आता पालथ्या बादलीवर बसून मोतद्दाराच्या हातचं पाणी पीत होतो!

घोडीचं डोकं मग कुणी धरलं? बायकोने. पदर खोचला, दोन्ही हात त्या मोठ्या जबड्याखाली घातले आणि “हं, झालं हं बाळा, झालंच,” असं म्हणत शेवटपर्यंत उभी राहिली. तिच्या खांद्यावर हिरवट लाळेचा ओघळ आला, तरी हलली नाही.

काम संपल्यावर मी हळूच डॉक्टरीणबाईंना विचारलं, “म्हणजे मी गेलो त्याचं तिला काहीच नाही?”

त्यांनी कानस पुसत क्षणभर विचार केला. “मघाशी तुम्ही बादलीवरून बोलायला लागलात, तेव्हा गुंगीतसुद्धा तिचा एक कान तुमच्याकडे वळला. एवढं पुरेल?”

मी मान डोलावली.

“त्यांना नाही पुरायचं,” बायको म्हणाली, पण हात घोडीच्या कपाळावरच होता.

गुंगी पुरती उतरल्यावर आम्ही भिजवलेला दाणा आणला. घमेलं मी धरलं, गुठळ्या बायको फोडत होती. घोडीने आधी हुंगलं, मग सावकाश एक घास घेतला, चावला, गिळला. मग दुसरा. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तिचा जबडा हलताना पाहत होतो. मध्येच तिला जोरदार शिंक आली आणि तोंडातला सगळा दाणा माझ्या चष्म्यावर आला.

“घमेलं हलवू नका,” बायको म्हणाली. “खाऊ दे तिला.”